होयनेबुर्ग: डॅन्यूबकाठचा मातीचा तट आणि भोवतीची टेकाडं

उल्मकर

मागे इथे विदर्भातल्या शिळावर्तुळांवर, म्हणजे इ.स.पू. पहिल्या सहस्रकात दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांवर, चर्चा चालली होती. तेव्हा कुणीतरी विचारलं होतं की त्याच सुमाराला युरोपात काय चाललं होतं. उत्तर लांबणार हे दिसत होतं, म्हणून वेगळा धागा.

दक्षिण जर्मनीत, डॅन्यूब अजून लहानखुरी असते त्या भागात, हुंडरसिंगन गावाजवळ होयनेबुर्ग नावाची टेकडी आहे. नदीपासून चाळीसेक मीटर उंच, माथा सपाट आणि साधारण त्रिकोणी, क्षेत्रफळ जेमतेम तीन हेक्टर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने हिला गड म्हणायला नाक मुरडलं तर मी समजू शकतो. पण इ.स.पू. ६०० च्या आसपास, आल्प्सच्या उत्तरेला सगळीकडे लाकूड आणि माती रचून तट बांधत होते, तेव्हा या टेकडीवर कुणीतरी उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा तट उभा केला. खाली चुनखडीच्या दगडाचं सुमारे तीन मीटर रुंद जोतं, त्यावर चौरस विटांचे थर, अंदाजे चार मीटर उंची, बाहेरून पांढरा चुन्याचा गिलावा. एकूण लांबी सुमारे ७५० मीटर. वायव्येला ओळीने पुढे आलेले चौकोनी बुरूज. भूमध्य समुद्राकाठी असा तट कुणाच्या नजरेत भरला नसता. इथे मात्र त्या काळातला दुसरा दाखवता येत नाही.

तट पहिल्यांदा उजेडात आला तो १९५० नंतरच्या उत्खननात. कुर्ट बिटेल, वोल्फगांग किमिग आणि एगोन गेर्सबाख यांनी १९७९ पर्यंत माथ्याचा बराच भाग खणला. माथ्यावर दाटीवाटीने घरं, सरळ आखलेल्या गल्ल्या, धातुकामाच्या जागा निघाल्या. मासालिया म्हणजे आजच्या मार्सेयहून आलेल्या मद्याच्या कुंभांचे तुकडे निघाले, काळ्या आकृत्यांची ग्रीक भांडी निघाली. एट्रस्कन (प्राचीन इटलीतल्या) पद्धतीच्या सुरईची मूठ ओतायचा मातीचा साचाही सापडला, म्हणजे परदेशी मालाची नक्कल इथेच होत होती.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही माहितीफलकावर मिळते. मला बोलायचंय ते टेकाडांबद्दल. होयनेबुर्गला येणारे बहुतेक लोक पुन्हा बांधलेला पांढरा तट बघतात, फोटो काढतात आणि परत जातात. टेकाडं बघितल्याशिवाय हा किल्ला कळत नाही असं माझं मत आहे. म्हणजे मेलेल्यांवर घातलेले मातीचे प्रचंड ढीग. ते कुठे आहेत आणि कधी घातले, यातच खरी भानगड आहे.

सगळ्यात मोठं होमिखेले. किल्ल्यापासून साडेतीन किलोमीटरवर, आज जंगलात. १३ मीटरच्या वर उंच, व्यास ८० मीटरहून जास्त. मध्य युरोपातल्या सर्वांत मोठ्या टेकाडांपैकी एक. त्याच्या भोवती लहान टेकाडांचा आख्खा पसारा आहे. हे कच्च्या विटांच्या तटाच्या काळातलं. त्याच काळातला दुसरा समूह बेटेलब्यूल, नदीच्या सखल ओल्या जमिनीत, किल्ल्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर. म्हणजे तट उभा असताना मातबरांची दफनं किल्ल्यापासून लांब होत होती.

मग इ.स.पू. ५४०-५३० च्या सुमाराला मोठी आग लागली. तट जळाला, वरची वस्ती जळाली, टेकडीबाहेरची वस्तीही गेली. या आगीनंतर टेकडीच्या वायव्येला, जेमतेम चारशे मीटरवर, गीसयूबेल-टालहाउची चार टेकाडं उभी राहिली. ती मोकळ्या जमिनीवर घातलेली नाहीत. जळालेल्या बाहेरच्या वस्तीच्या घरांवर ती घातली आहेत. खाली घरांचे अवशेष, वर राख, आणि त्यावर हजारो टोपल्या माती.

तट पुन्हा बांधला, पण विटांचा नाही. जुन्या पद्धतीचा, लाकूड आणि मातीचा. इ.स.पू. ४५० च्या सुमाराला किल्ला पुन्हा जळाला आणि संपला.

आता मला पडलेला प्रश्न. आग लावणारे आणि टेकाडं घालणारे एकच होते का? की जे वाचले त्यांनी आपल्याच जुन्या घरांवर आपले मेलेले ठेवले? माझा कल दुसऱ्याकडे आहे. कारणं खाली चर्चेत येतीलच. फोटो रात्री टाकतो.

---

बाराखडी

वाचतेय. टोपल्यांचा हिशेब आवडला. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. फोटोंशिवाय धागा वैध धरला जाणार नाही.

---

गढीवाला

लेख उत्तम. तुम्ही पुढे टेकाडांकडे गेलात, मी मात्र तटापाशीच अडकलोय. आमच्याकडे मराठवाड्यात वाड्यांच्या आणि गढ्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, भेंड्यांच्या म्हणजे कच्च्या विटांच्या. लहानपणी आजोबा सांगायचे की मातीची भिंत दोन ठिकाणी मरते, डोक्यात आणि पायात. वरून पाणी मुरलं की ती आतून फुगते. खालून ओल चढली की पायथा झिजतो आणि भिंत वाकते. मधल्या भागाला पाऊस फारसं काही करत नाही, लिंपण शाबूत असलं म्हणजे झालं. म्हणून खाली दगडाचं जोतं आणि वर धाबं किंवा पन्हाळ हवीच.

तुमच्या वर्णनात जोतं आहे, गिलावा आहे. डोक्याचं काय केलं होतं? उघडं ठेवलं असेल तर जर्मनीच्या पावसात आणि बर्फात हा तट पाच वर्षंही टिकला नसता. पाणी आत जाऊन गोठलं की वीट फुटते, तो त्रास आपल्याकडे नाही.

---

उल्मकर

@गढीवाला, नेमक्या जागी बोट ठेवलंत. तटावरच्या फांजीला, म्हणजे पहारेकऱ्यांच्या वाटेला, छप्पर होतं असं मानतात, पुनर्रचनेतही लाकडी छप्पर दाखवलं आहे. आजोबांच्या दोन्ही अटी पाळलेल्या दिसतात. तट साठ-सत्तर वर्षं टिकला, आणि तो गेला आगीत, पावसात नाही. याच टेकडीवरच्या लाकडी तटांचं आयुष्य बहुधा याहून कमी होतं. लाकूड जमिनीत कुजतं आणि दर पिढीला बदलावं लागतं. त्यामुळे ‘वेड्या राजाची हवामानाला न शोभणारी हौस’ असं जे कधीकधी लिहिलं जातं ते मला पटत नाही. बांधणाऱ्याला माती कळत होती.

---

शंकेखोर

चांगला विषय. काही शंका, नेहमीप्रमाणे.

१. बांधणारा ग्रीक होता का? हे कुठेच स्पष्ट होत नाही. २. तुम्ही ‘मातबर’ म्हणता, माहितीफलक ‘राजे’ म्हणतात. लिखाण नाही, नाणी नाहीत, शिलालेख नाहीत. मोठ्या थडग्यात सोनं सापडलं एवढ्यावर राजा कसा सिद्ध होतो? ३. तिकडे दारात ‘पिरेने शहर’ अशी पाटी लावली आहे म्हणे. हे कुठून काढलं?

---

उल्मकर

१. कुणी सांगू शकत नाही. ग्रीक स्थपती आणला, की इथला माणूस दक्षिणेत राहून शिकून आला, दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलंय. मला दुसरा पर्याय जास्त पटतो. विटा जमल्या तरी बाकी सगळं, घरं, भांडी, दफनाच्या रीती, स्थानिकच राहिलं. वास्तुविशारद आयात केला असता तर सोबत आणखी काही तरी आलं असतं.

२. याबाबतीत तुमच्या बाजूने बोलणारे जर्मनीतच आहेत. किमिगने १९६९ मध्ये अशा जागांना सरदारांची ठाणी म्हणायचे निकष मांडले: उंचावर तटबंदी, भूमध्यसागरी माल आणि जवळच श्रीमंत थडगी. मानफ्रेड एगर्ट या पुरातत्त्वज्ञाने त्यावर बरीच टीका केली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की हे मोठे शेतकरी आणि गावपुढारी असतील, ग्रीक-रोमन नमुन्याचे राजे त्यांच्यावर लादू नका. मुळात ‘राजांची थडगी’ ही भाषा रुजली १८७७ मध्ये. एडुआर्ड पाउलुसने गीसयूबेलची टेकाडं खणली आणि त्याला सोन्याचे गळ्यातले कडे मिळाले. आदल्याच वर्षी श्लीमन या उत्खननकर्त्याने ग्रीसमधल्या मायसीनीत सोन्याचे मुखवटे काढले होते. हवा तशी होती, त्यात पाउलुसला राजा दिसला तर नवल नाही.

३. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस म्हणतो की इस्ट्रोस म्हणजे डॅन्यूब केल्टांच्या देशात, पिरेने शहरापाशी उगम पावते. डॅन्यूबच्या वरच्या अंगाला त्या काळातलं एवढं मोठं ठाणं हेच, म्हणून हेच पिरेने. युक्तिवाद बरा आहे, पुरावा नाही. पिरेनीज पर्वताच्या नावाशी गल्लत झाली असावी असंही म्हणतात, कारण हेरोडोटसचा पश्चिमेचा भूगोल यथातथाच होता. पाटी पर्यटकांसाठी आहे.

---

नागपुरी

भाऊ, शिळावर्तुळांचा विषय तुमीच काढला म्हणून लिवतो. आमचं जुनापाणी काटोल रोडवर, नागपूरला लागूनच हाय. तीनशेच्या आसपास वर्तुळं. इंग्रजांच्या काळात रिव्हेट-कार्नॅकनं काही खणली. पण मले आठवलं ते माहुरझरी. शां. भा. देवांच्या उत्खननात तिथं माणसाबरोबर पुरलेला घोडा निघाला होता, आन त्याच्या तोंडावर तांब्याचे दागिने. तुमच्या त्या टेकाडात घोडे हायत का? आन आमच्याकडं वर्तुळं ढीगभर, पण किल्ला काही सापडत नाही. वस्त्याच लहान लहान.

---

उल्मकर

@नागपुरी, हा प्रश्न येईल अशी आशा होतीच. थेट उत्तर: हो.

बेटेलब्यूलच्या टेकाडांपैकी एकात २००५ मध्ये एका लहान मुलीचं दफन मिळालं, दोन-चार वर्षांची असावी. सोबत सोन्याचे कपड्याला लावायचे काटे आणि लोलक. शेताच्या नांगरटीमुळे टेकाडं सपाट होत आली होती, म्हणून मग २०१० मध्ये मुख्य दफनाचं काम हाती घेतलं. जमीन ओली, त्यामुळे लाकडी खोलीचा तळ टिकून होता. बाडेन-व्युर्टेम्बेर्गच्या पुरातत्त्व खात्याने ती शेतात खणलीच नाही. खोलीच्या चहूबाजूंनी आणि खालून पोलादी सांगाडा घालून सुमारे ८० टनांचा मातीचा आख्खा ठोकळा क्रेनने उचलला आणि लुडविग्सबुर्गला नेऊन छपराखाली सावकाश खणला.

आत तिशी-चाळिशीतली एक स्त्री. अंगावर सोनं, अंबर म्हणजे दगड झालेली राळ, आणि जेट या कोळशासारख्या काळ्या दगडाच्या बांगड्या. तिचं सोन्याचं काम आणि त्या छोट्या मुलीचे दागिने एकाच घडणीचे. त्याच खोलीत दुसरी एक स्त्री होती, साध्या दागिन्यांत. तिच्या बाजूला घोड्याच्या कपाळावर बांधायचं ब्राँझचं पत्र्याचं भूषण. घोडा पुरलेला नाही, त्याचा साज पुरलाय. माहुरझरीला घोड्यासकट.

संबंध मात्र जोडू नका. दोन्हीकडे इ.स.पू. पहिलं सहस्रक, दोन्हीकडे घोडा ही मोठी मालमत्ता, दोन्हीकडे ती मेल्यावरही दाखवायची. यापलीकडे हाती काही नाही. किल्ला नसण्याबद्दल: होयनेबुर्गच्या भोवती जे आहे ते इथेही अपवादात्मक आहे. युरोपातल्या बहुतेक दफन-टेकाडांशेजारीही किल्ला सापडत नाही.

खोलीच्या लाकडाची वर्षवलयं मोजली. झाड तोडलं इ.स.पू. ५८३ च्या शरदात. ऋतूसकट.

---

बाराखडी

ऋतूसकट?? वर्षाच्या हिशेबात आपल्याकडे शतकाचीसुद्धा मारामारी असते.

---

उल्मकर

झाडाच्या खोडात वसंतातली पेशीरचना वेगळी आणि उन्हाळ्यातली वेगळी. शेवटचं वलय सालीपर्यंत शाबूत असेल तर वाढ कुठे थांबली ते दिसतं. दक्षिण जर्मनीतल्या ओकची वलयमालिका हजारो वर्षं सलग जुळवलेली आहे, तिच्यावर नमुना सरकवून बसवायचा. साल गेलेली असेल तर मात्र ‘अमुक वर्षानंतर’ एवढंच सांगता येतं.

आता गंमत. २०२४ मध्ये रीडलिंगनजवळ, किल्ल्यापासून सातेक किलोमीटरवर, आणखी एका टेकाडात लाकडी खोली मिळाली. छतासकट शाबूत. असं जर्मनीत फारच क्वचित होतं. चोर प्राचीन काळीच आत शिरून गेले होते, पण लाकडाने तारीख दिली: इ.स.पू. ५८५. बेटेलब्यूलच्या आधी जेमतेम दोन वर्षं. म्हणजे एकाच पिढीतली, कदाचित एकमेकांना ओळखणारी माणसं, आणि दोघांची टेकाडं किल्ल्यापासून लांब, वेगवेगळ्या दिशांना. वरच्या मुद्द्याकडे परत येतोय: तट उभा असताना प्रत्येक घराण्याची, किंवा जे काही गट असतील त्यांची, आपापली जागा होती. आगीनंतर टेकाडं एकदम तटाच्या दारात येतात.

---

अवंती

बायकांबद्दल लिहिलंत हे बरं केलंत. थोडी भर घालते. फ्रान्समध्ये मों लासोआ हा असाच किल्ला आहे, त्याच्या पायथ्याशी व्हिक्सचं थडगं १९५३ मध्ये मिळालं. स्त्रीचं. सोबत दीड मीटरहून उंच ब्राँझचा ग्रीक क्रेटर, म्हणजे मद्य कालवायचं भांडं, वजन दोनशे किलोच्या वर, मद्य मावेल अकराशे लिटर. एवढं वैभव स्त्रीचं कसं असेल म्हणून काही पंडितांनी तिला स्त्रीवेशातला पुरुष पुरोहित ठरवून पाहिलं! सांगाडा मात्र स्त्रीचाच राहिला.

तेव्हा ‘राजे’ की ‘गावपुढारी’ हा वाद घालताना दोन्ही शब्दांत मिशा गृहीत धरल्या जातात, तेवढं बघा.

---

शंकेखोर

@अवंती, मिशांचा मुद्दा मान्य. पण ‘श्रीमंत थडगं म्हणजे सत्ताधारी’ हे पुरुषाबाबत सिद्ध होत नसेल तर स्त्रीबाबतही होत नाही. कुणाची तरी मुलगी किंवा बायको म्हणून सोनं मिळू शकतं. बेटेलब्यूलच्या दोन-चार वर्षांच्या मुलीने राज्य केलं नसणार. पण तिच्या अंगावर सोनं आहे. म्हणजे हे जन्माने मिळालेलं आहे, कर्तृत्वाने नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत पक्का पुरावा त्या मुलीचा. राजा होता की नाही माहीत नाही, घराणं मात्र नक्की होतं.

---

अवंती

हे पटलं. तुमच्याशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

---

उल्मकर

@शंकेखोर, तुमच्या ‘घराणं’ला आता जनुकीय आधारही आहे, जरी होयनेबुर्गचा नसला तरी. स्टुटगार्टजवळ होएनआस्पेर्ग नावाची टेकडी आहे. तिच्या भोवतीच्या टेकाडांपैकी होखडोर्फ सगळ्यांत प्रसिद्ध. १९७८-७९ मध्ये यॉर्ग बीलने खणलं, चोरांचा हात न लागलेलं. पावणेतीन मीटर लांब ब्राँझचा कोच आणि त्याला चाकांवरच्या स्त्रीमूर्तींचे पाय, सिंह बसवलेली पाचशे लिटरची ग्रीक कढई, पिण्याची नऊ शिंगं, सोन्याचा पत्रा लावलेले जोडे. या होखडोर्फच्या माणसाचं आणि दहाएक किलोमीटरवरच्या ग्राफेनब्यूलमधल्या माणसाचं डीएनए तपासलं. २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोघे आईकडून नातेवाईक, बहुधा मामा आणि भाचा.

म्हणजे सत्ता किंवा निदान प्रतिष्ठा बहिणीच्या मुलाकडे जात असावी. अवंतींच्या मिशांच्या मुद्द्याला हे पूरक ठरतं: वारसा बायकांमधून वाहतोय, दिसतो मात्र पुरुषांच्या थडग्यात.

---

गढीवाला

मामा-भाचे! आपल्याकडे दर दोन तालुक्यांआड मामा-भाच्यांचं थडगं किंवा डोंगर असतोच. तिकडेही निघाले म्हणायचे.

---

टीपकागद

चांगली चर्चा. एक प्रश्न. फार पूर्वी एका मासिकात वाचलं होतं की होमिखेलेमध्ये चिनी रेशीम सापडलं, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी रेशीम मार्ग जर्मनीपर्यंत होता. खरं आहे का?

---

उल्मकर

नाही. बरीच वर्षं ते सगळीकडे छापलं गेलं, अजूनही जालावर सापडतं. कापडाच्या तुकड्यांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा रेशमाचा दावा बाद झाला. बाकी कापड उत्तम आहे, विणकाम फार बारीक आहे, पण स्थानिक धाग्यांचं.

होमिखेलेची कहाणी एकूणच थोडी कडवट आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुस्टाफ रीकने ते खणलं, नात्सींच्या एसएस संघटनेच्या आश्रयाने. रीक स्वतःही एसएसमध्ये होता. ‘आपल्या पूर्वजांचे’ भव्य राजे दाखवायचे हा त्यामागचा हेतू लपलेला नव्हता. मधली मुख्य खोली प्राचीन काळीच लुटलेली निघाली, म्हणजे राजा काही हाती लागला नाही. पण बाजूला एक न लुटलेली खोली मिळाली: एक पुरुष आणि एक स्त्री, चारचाकी गाडी, ब्राँझची कढई आणि भांडी. पुरुषाजवळ पन्नासेक लोखंडी बाणांचा भाता. स्त्रीच्या अंगावर काचेचे आणि अंबरचे मणी ढिगाने. उत्खननाचं तंत्र त्या काळाच्या मानाने वाईट नव्हतं. नोंदी आजही वापरतात, वापरताना हात जरा आखडतो एवढंच.

---

टीपकागद

धन्यवाद. आणखी एक. मद्याचे कुंभ मार्सेयहून येत होते म्हणालात. मग सामान्य लोक काय पीत होते? ताक?

---

उल्मकर

ताकाबद्दल बोलत नाही, पण मडक्यांत मुरलेल्या अंशांचं रासायनिक परीक्षण झालंय. सुरुवातीच्या काळातल्या साध्या, हाताने घडवलेल्या स्थानिक मडक्यांतही द्राक्षाच्या मद्याचे अंश मिळाले, भूमध्यसागरी कुंभ येऊ लागले त्याच्याही आधी. पुढे मद्य हे चाकावर घडवलेल्या आणि आयात केलेल्या भारी भांड्यांपुरतं मर्यादित होत गेलेलं दिसतं. म्हणजे ‘आधी श्रीमंतांकडे, मग झिरपत खाली’ हा नेहमीचा क्रम इथे उलटा आहे. आधी बऱ्याच जणांना मिळत होतं, नंतर वरच्यांनी ते आपल्याकडे खेचून घेतलं.

मला हे आगीच्या आधी आणि नंतरच्या बदलाशी जुळणारं वाटतं. आगीनंतर माथ्यावरच्या दाट छोट्या घरांच्या जागी मोठी, ऐसपैस घरं आली. बाहेरची वस्ती आक्रसली. कमी लोक, जास्त अंतर.

---

शंकेखोर

बाहेरच्या वस्तीबद्दल. शंभर हेक्टर आणि पाच हजार लोक असे आकडे वाचले. शंभर हेक्टर ठीक, ते मोजता येतं. पाच हजार हा गुणाकार आहे: थोड्या खणलेल्या भागातली घरं गुणिले क्षेत्रफळ. कुंपण घातलेल्या वाड्यांमध्ये किती मोकळी जागा, गुरांना किती, ते कुणाला ठाऊक.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं काय झालं? आग कुणी लावली, टेकाडं कुणी घातली. कारणं चर्चेत येतील म्हणालात, तुम्ही बाकी सगळ्यावर बोललात.

---

उल्मकर

पाच हजार हा वरचा अंदाज, तुमच्या आक्षेपासकट घ्यावा. त्या वस्तीला खालच्या बाजूला तट, खोल खंदक आणि दगडी पायाचा दरवाजा होता, हे मात्र २००५ च्या सुमाराला प्रत्यक्ष खणून निघालंय. म्हणजे ती निव्वळ झोपड्यांची पसरण नव्हती.

आता मूळ प्रश्न. जे लोक ‘बाहेरून आलेल्यांनी जाळलं आणि पाडाव केलेल्या घरांवर आपले मेलेले पुरले’ म्हणतात, त्यांचा मुख्य आधार म्हणजे विटांचा तट पुन्हा बांधला नाही. जुन्या सत्तेची खूण पुसली, असं ते म्हणतात. मला हा आधार अपुरा वाटतो. पहिलं कारण, टेकाडांमधलं सामान आणि दफनाची रीत तुटलेली दिसत नाही: लाकडी खोली, गाडी, ब्राँझची भांडी, गळ्यातला सोन्याचा कडा, त्यावर मातीचा ढीग. दुसरं कारण चौथ्या टेकाडाचं. झीगफ्रीड शीकने १९५४ पासून ते खणलं आणि खाली घरांचे अवशेष मिळाले. त्यात सामान्य झोपडी नव्हे, चांगली मोठी इमारतही होती. शंभर हेक्टर जळालेली जमीन समोर असताना टेकाड नेमकं मोठ्या घरावर घातलं जातं, तेव्हा ते घर कुणाचं हे घालणाऱ्याला माहीत असावं. परक्याला ते माहीत असायचं कारण नाही, आणि असलं तरी शत्रूच्या घराचा त्याने मान का राखावा?

विटांचा तट पुन्हा का बांधला नाही याचं उत्तर मी गढीवाल्यांवर सोपवतो.

---

गढीवाला

सोपं आहे. भेंड्याची भिंत जळत नाही, पण तिच्यावरचं लाकडी छप्पर आणि फांजी जळते. मोठ्या आगीत वरच्या थरांची वीट अर्धवट भाजते, तडकते, छप्पर गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात डोकं उघडं पडतं. दोन वर्षांत अर्धी भिंत ढिगारा होते. पुन्हा उभारायची तर हजारो विटा पाडाव्या लागतात, वाळवाव्या लागतात. त्याला लागतात कोरडे महिने आणि मोकळी माणसं. आगीनंतर बाहेरची वस्ती आक्रसली म्हणता, तर माणसं कुठली? आणि विटा पाडणारी कारागिरी साठ-सत्तर वर्षं वापरलीच नसेल तर शिल्लक किती? आमच्याकडे दोन पिढ्यांत भेंडे पाडणारे संपले, गढ्या तशाच पडून आहेत. कुणी शत्रूने पाडल्या नाहीत.

---

शंकेखोर

हा प्रतिसाद धाग्याच्या मूळ लेखापेक्षा सरस आहे असं म्हणतो आणि उल्मकरांची माफी मागत नाही.

मोठ्या घराचा युक्तिवाद मात्र अर्धाच मान्य. जिंकणाराही मुद्दाम मोठ्या घरावरच आपली खूण ठेवतो. देवळांच्या आणि राजवाड्यांच्या जागांबाबत जगभर हेच झालंय. जागा माहीत असणं म्हणजे नातं नव्हे. चौथ्या टेकाडातल्या आणि बेटेलब्यूलच्या हाडांचं होखडोर्फसारखं आईकडचं नातं लागलं, तर तुमचं ऐकेन.

---

उल्मकर

अट मान्य. बेटेलब्यूलची आणि टालहाउची हाडं सारख्या अवस्थेत नाहीत, त्यामुळे वाट बघावी लागेल. तोवर रीडलिंगनच्या खोलीतून काय निघतं याकडे लक्ष ठेवून आहे.

---

बाराखडी

फोटो पाहिले. पांढरा तट एखाद्या सिनेमाच्या सेटसारखा चकचकीत दिसतोय. उन्हाळ्यात म्युनिकला येणार आहोत, मुलं सोबत. जायला कसं जमेल आणि एका दिवसात काय काय बघावं?

---

उल्मकर

म्युनिकहून उल्म, तिथून सिगमारिंगनकडे जाणारी गाडी, हेर्बर्टिंगनला उतरायचं. तिथून किल्ला काही किलोमीटर, सायकल असेल तर उत्तम. गाडी भाड्याने घेतलीत तर रीडलिंगनही वाटेत होईल. वरचं खुलं संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं, उन्हाळ्यात येताय म्हणजे प्रश्न नाही, तरी वेळा आधी बघा.

क्रम मात्र मी सांगतो तसा ठेवा. थेट वरच्या वाहनतळावर जाऊ नका. आधी गीसयूबेलच्या टेकाडांपाशी थांबा. शेतांमध्ये आहेत, शिरायला तिकीट नाही, मुलांना धावायला मोकळी जागा. तिथून तट दिसतो आणि चारशे मीटर म्हणजे किती हे पायाला कळतं. मग वर जा, पुनर्रचित घरं आणि तट बघा. संध्याकाळी वेळ उरला तर होमिखेले. झाडीत आहे, डासांचं मलम सोबत असू द्या.

आणि सोनं, कोच, कढई वगैरे बघायचं असेल तर होखडोर्फचा ऐवज स्टुटगार्टच्या जुन्या राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. त्याला वेगळा दिवस ठेवा, मुलं कंटाळतील.

---

नागपुरी

आन जुनापाणीले कोण येते बाप्पा? थंडीत या, तिकीटही नाही आन डासही नाहीत. मी दाखवतो.

---

गढीवाला

मी येतो. डिसेंबरात कळवा.